तिरक्या बर्फाची कुपी

१

संस्थेनं माझ्या भाचीला पाठवलेल्या पत्रात दोनच गोष्टी होत्या. दुपारी तीनपर्यंत सोबतच्या कबुलीजबाबावर सही करावी, आणि टेबल रिकामं करायला घरचं एक माणूस आणता येईल. कबुलीजबाबात लिहिलं होतं की तिनं दोन वर्षांचे निकाल मनानं रचले, तिचं यंत्र रक्तातलं काहीही ओळखत नाही, आणि ते मोडीत काढायला तिची हरकत नाही.

"सही करणार आहेस?" मी फोनवर विचारलं.

"मुळीच नाही," भाची म्हणाली. आवाज रडून बसला होता, पण शब्द ठणठणीत होते.

"मग घरचं एक माणूस निघालं म्हणून सांग त्यांना."

मी वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते. पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनं आतून पोखरणारे, काट्याला हळूच अंगठा लावणारे, सगळे पाहून झाले आहेत. माझ्या हद्दीतले दुकानदार मला पाठीमागे मिरची म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निवृत्त झाले म्हणून तिखटपणा काही खात्यात जमा करून आले नव्हते.

संस्थेच्या दारावर रखवालदारानं माझ्या हातातल्या रिकाम्या पिशव्या पाहिल्या आणि आत सोडलं. तीन पिशव्या होत्या. यातली एकही भरून न्यायची नाही, असं मी जिना चढतानाच ठरवलं. तेव्हा साडेदहा वाजले होते.

२

भाचीची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. मधोमध जाड दगडी टेबल, त्यावर बुटांच्या खोक्याएवढं यंत्र. संगणकाची जागा रिकामी होती आणि तारा नुसत्याच लोंबत होत्या.

"काल शेवटची नळी संपली आणि दहा मिनिटांत मोठ्या साहेबांनी संगणक उचलून नेला," भाची म्हणाली. "पुरावा म्हणून सील केलाय. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

"आधी मला यंत्र समजाव. मी अडाणी आहे असं धरून."

"अडाणी आणि तू!" ती जरा हसली. तेवढंच हवं होतं मला. "यात सिलिकॉनच्या आठ पट्ट्या आहेत. पोहायच्या तलावावर उडी मारायची फळी असते ना, एका टोकाला पक्की केलेली? तशा, पण डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या. चार पट्ट्यांवर अँटिबॉडीचा लेप असतो. स्वादुपिंडात गाठ धरायला लागली की एक प्रथिन रक्तात उतरतं, आणि ते या लेपालाच येऊन चिकटतं. चिकटलं की पट्टी हळूहळू वाकते. पट्टीवर पडलेला लेझरचा किरण कुठे परततो त्यावरून किती वाकली ते कळतं."

"आणि उरलेल्या चार?"

"त्यांना साधा लेप. त्यांच्यावर ते प्रथिन बसत नाही. पण खोली तापली किंवा रक्तातलं इतर काही येऊन बसलं, तर आठही सारख्याच वाकतात. म्हणून आपण वजाबाकी करतो. अँटिबॉडीच्या चार वजा साध्या चार. पडद्यावर फक्त हा फरक दिसतो. फरक आला तर माणूस आजारी."

"काल काय झालं?"

"वीस नळ्या होत्या. काही आजारी माणसांच्या, काही धडधाकट माणसांच्या. कुठली कोणाची ते मला माहीत नाही. उत्तरं रुग्णालयाच्या डॉक्टरांकडे बंद पाकिटात आहेत. वीसच्या वीस नळ्यांना शून्य आलं, आत्या. सपाट रेघ. आणि यंत्र बिघडलं म्हणावं तर तेही नाही. काल सकाळी तपासायला आलेल्या समितीसमोर जरा गरम करून दाखवलं, तेव्हा लेझरचे आठही ठिपके झकास सरकले. म्हणून तर ते म्हणतात, यंत्र धड आहे, म्हणजे खोटी तूच."

मी त्या खोक्याकडे बघत राहिले. हे प्रकरण मला अनोळखी वाटेना.

"हे बघ," मी म्हटलं, "तराजूचा काटा मधे कधी उभा राहतो? एक तर दोन्ही पारडी रिकामी असतात. नाहीतर दोन्हींत सारखाच माल असतो."

भाचीनं वळून यंत्राकडे पाहिलं. मग ती खुर्चीत बसली.

"साध्या पट्ट्यांवरसुद्धा अँटिबॉडी," ती हलकेच म्हणाली. "आत्या, कोणीतरी आठही पट्ट्यांना अँटिबॉडी लावली."

३

पट्ट्यांना लेप देणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, चेहऱ्यावर कायमची आठी. सगळे त्यांना लेपवाल्या बाई म्हणत.

"गेल्या वर्षी निबंध छापला, त्यात मॅडमनी माझं नाव घातलं नाही," त्यांनी मी न विचारताच सांगितलं. "तुम्हाला कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगते. राग आहे मला. पण माझं काम मी चोख करते."

"करा की. फक्त ते कसं करता ते सांगा."

"परवा सकाळी चार पट्ट्यांना अँटिबॉडी लावली. काचेच्या केसासारख्या नळ्या असतात, त्यांत एकेक पट्टी बुडवायची. मग जेवणाच्या सुट्टीत आठ पट्ट्यांची ती चिप ओल्या डबीत ठेवते. दोन वाजता उरलेल्या चारांना साधा लेप. दोन्ही पाण्यासारखेच दिसतात, डोळ्यांना काही कळत नाही."

"आणि त्या सुट्टीत कोणी अख्खी चिपच अँटिबॉडीत बुडवली असती तर? तुमचा साधा लेप त्यावर बसला असता?"

त्यांची आठी पुसली गेली. "कुठे बसेल? जागा आधीच भरलेली! अगं बाई..."

"अँटिबॉडी असते कुठे?"

"फ्रीझरमध्ये, कुलपात. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मोठ्या साहेबांकडे. मॅडमकडेसुद्धा नाही. त्यावरूनही आमचं भांडण झालंय."

त्यांना तिथेच सोडून मी शेजारच्या खोलीत गेले. यंत्राचा प्रोग्राम लिहिणारा माणूस तिथे बसत असे. तो दिवसभर रेघाच बघतो, म्हणून त्याला आलेखवाला म्हणत. उंच, वाकलेला, नखं खात बसलेला. साहेबांनी त्याला दुसऱ्या विभागात बढती देऊ केली होती, हे मी विचारल्यावर त्यानं मान खाली घालून कबूल केलं.

"पडद्यावर फरक दिसतो. पण आठ पट्ट्यांच्या आठ वेगळ्या रेघा कुठे मिळतील?" मी विचारलं.

"दिसत नाहीत, पण साठवतो, काकू. मॅडमचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. संगणक सील झाला तरी काय, प्रत्येक नळी संपली की एक प्रत आपोआप माझ्याकडे येते."

"कालची पाहिलीस?"

"सपाट रेघेत पाहायचं काय?"

"आता पाहा. आणि कोणी विचारलं तर मिठाची गुळणी धर."

तिसरे रुग्णालयाचे डॉक्टर. पाकीट त्यांच्या कपाटात होतं आणि सील शाबूत होतं. त्यांची जुनी तपासणी भाचीच्या यंत्रामुळे मागे पडली असती, म्हणून मी त्यांनाही सोडलं नाही.

"मला हे यंत्र बंद पाडायचं असतं तर वीसही नळ्यांत निरोगी रक्त भरलं असतं," डॉक्टर वैतागून म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. आजी, माझ्याकडे ही माणसं येतात ती वेळ निघून गेल्यावर. कोणी ती वेळ मागे खेचणार असेल तर मी त्याच्या पाया पडेन."

मला आजी म्हटलेलं आवडत नाही, पण माणूस खरा वाटला. बाहेर पडते तोच आलेखवाल्याचा फोन आला. तो अक्षरशः धापा टाकत होता.

"काकू, काही नळ्यांना आठच्या आठ पट्ट्या वाकल्यात!"

४

मोठे साहेब संस्थेचे प्रमुख होते. खोलीत पुस्तकांची भिंत, त्यात त्यांचं स्वतःचं पुस्तक चार प्रतींत. त्यांनी मला चहा मागवला आणि मी तो प्याले. संशयिताचा चहा पिऊ नये असा काही नियम आमच्या खात्यात नव्हता.

"पोरगी हुशार आहे," साहेब म्हणाले. "पण घाई झाली तिला. रक्तात हजारो प्रथिनं असतात. त्या गर्दीत एक ओळखणं या पट्ट्यांना जमणार नाही, हे मी वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. अजून तेच शिकवलं जातं."

"तुम्हीही पट्ट्यांवर काम केलंत वाटतं?"

साहेब खुलले. "म्हणजे काय! स्वतःच्या हातांनी. आमच्या यंत्रातून कागदावर एकच रेघ निघायची, फरकाची. बाकी रेघा कोण बघतो? आणि काटकसर किती! अँटिबॉडीचा थेंब फुकट जाऊ द्यायचो नाही. उरलेली परत गोठवायचो. आजकालची मुलं ओतून देतात. माझ्यानं बघवत नाही."

"खरंय," मी म्हटलं.

"तुम्ही घरातल्या मोठ्या. समजावा तिला. सही केली तर मी कुठेतरी शब्द टाकीन. नाही केली तर कुठल्याच प्रयोगशाळेचं दार तिला उघडणार नाही."

"आमच्या घरात दारं ढकलून उघडायची सवय आहे," मी म्हटलं आणि कप खाली ठेवला.

तडक लेपवाल्या बाईंना गाठलं आणि फ्रीझर उघडायला लावला. थंड वाफ तोंडावर आली. आत जाळीत बोटाच्या पेराएवढ्या कुप्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीत तळाला सपाट बर्फ.

"एका लेपाला एक कुपी," बाई म्हणाल्या. "एकदा वितळली की उरलेलं ओतून द्यायचं, परत गोठवायचं नाही. अँटिबॉडी मरते. मॅडमचा कडक नियम आहे, आणि तो मला पटतो."

तेहतीस वर्षं पातळी बघण्यात गेली माझी. जाळीच्या मागे कोपऱ्यात एक कुपी आडवी पडली होती. बाईंनी ती चिमट्यानं काढून उभी धरली. तिच्यात बर्फ सपाट नव्हता. एका अंगाला, झाकणापर्यंत तिरका चढला होता.

"हिच्या झाकणाची कडी तुटलीय," बाई कुजबुजल्या. "ही मी उघडलेली नाही."

५

तीन वाजता समितीच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. तीन माणसांची समिती, मधे अध्यक्षबाई. त्यांच्यासमोर कबुलीजबाब आणि पेन नीट मांडून ठेवलं होतं. भाचीनं पेन उचललं आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवलं.

"सही होणार नाही," ती म्हणाली. "आत्याचं ऐकून घ्या."

"या सामान न्यायला आल्यात," साहेब म्हणाले.

"पिशव्या रिकाम्याच आहेत, वेळ आहे मला," मी म्हटलं. अध्यक्षबाईंनी हातानं बसायची खूण केली. मी उभीच राहिले.

आठही पट्ट्यांना अँटिबॉडी लागल्याचं मी आधी सांगितलं, आलेखवाल्यानं आठ रेघा भिंतीवर दाखवल्या. वीसपैकी काही नळ्यांना आठही रेघा हळूहळू चढत होत्या, अगदी जोडीनं. म्हणून वजाबाकी शून्य.

"खोली तापली असेल," साहेब म्हणाले.

"उष्णतेनं पट्टी झटकन वाकते," भाची म्हणाली. "या बारा मिनिटं चढत गेल्यात आणि नळी संपल्यावर धुवेपर्यंत खाली आल्या नाहीत. खोलीच्या तापमानाची नोंदही आहे. काल दिवसभर ते हललेलं नाही."

"मग मी स्वतःला विचारलं," मी पुढे म्हटलं, "की हे करायला इतकी अवघड वाट कोणी धरली? लेपवाल्या बाईंना बिघडवायचं असतं तर त्यांनी आठही पट्ट्यांना साधा लेप दिला असता. एकही पट्टी वाकली नसती, माग राहिला नसता. आलेखवाला? तो खुर्चीतून न उठता आकडे बदलू शकतो, आणि आठ रेघा साठवल्या जातात हे त्याला माहीत आहे. डॉक्टरांना नळ्याच बदलता आल्या असत्या. शिवाय या दोघांकडे फ्रीझरची किल्ली नाही. ज्याच्या हाती सोपा उपाय होता, त्याला हे करायची गरज नव्हती. ज्यानं केलं तो चिपजवळ आला तेव्हा चार पट्ट्यांना अँटिबॉडी लागून गेली होती. ती काढता येत नाही. उरलेल्या चारांना लावता मात्र येते. वजाबाकी झाली की काही उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आठ रेघा कोणी जपून ठेवतं, हे ठाऊक नव्हतं. कारण त्याच्या वेळी कागदावर एकच रेघ यायची."

लेपवाल्या बाईंनी थर्माकोलच्या डबीतून कुपी काढून टेबलावर ठेवली.

"आणि ही त्याची चूक. दुसऱ्या कोणी उरलेली अँटिबॉडी मोरीत ओतली असती, कुपी खिशातून नेली असती. या माणसाच्यानं ते झालं नाही. आयुष्यभर ज्यानं थेंबन् थेंब राखला, त्यानं ती परत गोठवायला ठेवली. घाईत आडवी ठेवली. साहेब, थेंब फुकट गेलेला बघवत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत."

साहेबांनी कुपीकडे पाहिलं. नाकारतील असं मला वाटलं होतं. नुसता सुस्कारा सोडून ते म्हणाले, "तिच्या पहिल्या निकालापासून मला कळत होतं की हे जमतंय. वीस वर्षं मी मुलांना सांगितलं, हे जमणार नाही. किती जण हे काम सोडून गेले माझ्या शब्दावर."

त्यांची दया आली नाही मला. राग आला. भाची मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"पाकीट उघडा," ती म्हणाली.

६

पाकीट उघडण्याआधी भाचीनं फळ्यावर आकडे लिहिले, ज्या नळ्यांना आठही पट्ट्या वाकल्या त्यांचे. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा, चौदा, सतरा, वीस. मग डॉक्टरांनी सील फोडलं आणि वाचायला लागले. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा, सतरा, वीस.

"आजारी सात," ते म्हणाले. "सातही बरोबर. चौदा मात्र धडधाकट माणसाची आहे."

अध्यक्षबाईंनी कबुलीजबाब फाडला आणि कोरा कागद ओढला. "बिघडवलेल्या चिपवर इतकं येणं म्हणजे कमालच. मी लिहिते, सात बरोबर, एक चूक. शाबास."

"चूक लिहू नका," भाची म्हणाली.

"अहो, एका चुकीनं काही बिघडत नाही."

"पण ती चूक नाहीच. चौदाची रेघ सगळ्यांत हळू चढली, पण चढली. धुवेपर्यंत उतरली नाही. चौदा नंबरचं माणूस आजारी आहे. त्याला अजून कळलेलं नाही, एवढंच. त्याला शोधा."

"आणि तपासणीत काही निघालं नाही तर?"

"तर मी खोटी. मग तो कबुलीजबाब परत टाइप करा, मी सही करीन."

इतका वेळ एक गोष्ट मी सांगितली नाही. दडवली असं नव्हे, ती महत्त्वाची वाटलीच नव्हती. निरोगी रक्त हवं म्हणून संस्थेतल्या लोकांच्या घरच्यांना बोलावलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मीही जाऊन दंड पुढे केला होता. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी मिळाली होती, कोणाला दाखवायची नाही असं बजावून. फळ्यावर चौदा लिहिलं तेव्हाच मी ती चिठ्ठी मनात पुन्हा वाचली होती.

गप्प बसता आलं असतं. भाची सुटली होती, शाबासकी मिळाली होती. एक चूक लिहून सगळे घरी गेले असते.

"चौदा नंबर मी आहे," मी म्हटलं.

भाचीच्या हातातला खडू टेबलावर पडला. ती पांढरीफटक झाली.

"आत्या... नाही गं. रेघ तशी बारीकच होती. रक्तातलं दुसरं काही बसलं असेल. बाई, तुम्ही चूकच लिहा, माझंच..."

"खबरदार!" मी ओरडले. अध्यक्षबाई दचकल्या. "परक्या माणसासाठी आत्ता भांडत होतीस, आणि माझं नाव निघताच काट्याला अंगठा लावतेस? मी माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानातलं खोटं वजन जप्त केलंय. तुझ्या बापाच्या! तू मला सूट द्यायची नाहीस. डॉक्टर, काय तपासायचं ते आजच तपासा. आणि बाई, तुम्ही आठ लिहा."

अध्यक्षबाईंनी भाचीकडे पाहिलं. भाची रडत होती, पण तिनं मान हलवली. अध्यक्षबाईंनी आठ लिहिलं.

पोटाच्या स्कॅनच्या पहिल्या चित्रात डॉक्टरांना काही दिसलं नाही. एरवी मी इथेच थांबलो असतो, असं ते म्हणाले. पण आकड्यानं पक्कं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा, जास्त बारीक बघितलं. मसुराच्या दाण्याएवढी गाठ होती. आपल्या सगळ्या नोकरीत इतकी लहान असताना ती कधी हाती लागली नव्हती, हे सांगताना त्या वैतागलेल्या माणसाचे डोळे भरून आले.

सोमवारी सकाळी सात वाजता मला ऑपरेशनला आत नेणार आहेत, म्हणून हे घाईनं लिहून ठेवते आहे. मला भीती वाटते. झोपताना जास्त वाटते. साहेब रजेवर गेलेत आणि त्यांच्या पुस्तकाचं काय करायचं यावर वाद चाललाय. भाची रोज माझ्याजवळ बसून रडते, आज तर कामावर जाणारच नाही म्हणून अडून बसली होती. मी तिचा डबा तिच्या हातात दिला आणि तिला दाराबाहेर काढलं. जिन्यावरून तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, रडायचं तर तिथे बसून रड, पण एक दिवसही नळ्या थांबवू नकोस, धडधाकट म्हणून हिंडणारी माझ्यासारखी कितीतरी माणसं अजून तपासायची राहिलीत.